बिब्ब्याचा डाग

“बोलायचं मागनं. आदी प्या.”

दुधाचा पेला हातात देताना मामा एवढंच म्हणायचे. म्हशीच्या कुशीला कपाळ टेकवून, गुडघ्यांत पेला धरून धारा काढायच्या आणि फेस काठावर आला की मागे न बघता हात वर करायचा. ज्याचा नंबर असेल त्यानं तो घ्यायचा. पेला घेऊन गप्पा मारत उभं राहिलेलं त्यांना मुळीच खपत नसे. दूध निवलं, फेस बसला, की त्याच्यात आणि पिशवीतल्या दुधात फरक काय उरला, असा त्यांचा रोकडा सवाल असे. एकदा पुण्याकडचे एक गृहस्थ पेला उंच धरून वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढत बसले. मामांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि म्हणाले, “पावणं, फेस फोटूत ऱ्हाईल, पोटात जायचा न्हाय.” गृहस्थांनी एका दमात पेला रिकामा केला आणि मिशीवर फेस घेऊन निघून गेले.

कोल्हापुरातला दूध कट्टा तुम्ही पाहिला असेल. संध्याकाळी गवळी आपापल्या म्हशी घेऊन येतात, तुमच्या देखत पिळतात आणि तुम्ही तिथंच उभ्या उभ्या ते कोमट दूध पिऊन घरी जाता. माझी प्रयोगशाळा तिथून जवळ आहे. कामावरून परतताना, ज्यांना सगळा कट्टा मामा म्हणायचा त्या गवळ्याच्या म्हशीपाशी थांबायची मला सवय लागली, ती किती वर्षांची हे आता आठवत नाही. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. आजारी माणसं मला फारशी भेटत नाहीत. त्यांच्या अंगातून काढलेले तुकडे बरणीतून माझ्याकडे येतात, मी त्यांचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघते आणि काय आजार आहे ते सांगते. दिवसभर असलं काम केल्यावर एखाद्या जिवंत, घामेजलेल्या, तोंडाळ माणसाच्या हातून दूध प्यावं, यात मला बरं वाटत असे.

मामांची मात्र सुरुवातीचे कित्येक महिने वेगळीच समजूत होती. लॅब म्हणजे डेअरीत दुधाची फॅट काढतात ती. मी दूध पिऊन पेला खाली ठेवला की ते हळूच विचारायचे, “किती लागली?” मला वाटायचं, थंडी विचारतात की काय. एक दिवस खुलासा झाला. मी काय बघते ते सांगितलं. मामांनी धारा काढायच्या थांबवल्या. असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

“मान्सांचं तुकडं?”

“हो.”

“आनि वर दूध पिता?”

“मग काय झालं?”

“काय न्हाय. घट्ट हाय बाई,” असं त्यांनी म्हशीला सांगितलं आणि पुन्हा पिळायला लागले. त्यानंतर मी ताई झाले. माझ्या पेल्यातलं दूध कधी पाणी घातल्यासारखं पातळ लागलं नाही आणि नंबर मोडून मला आधी दूध दिल्याबद्दल लोकांच्या शिव्याही त्यांनी आनंदानं खाल्ल्या.

चपला ते घालत नसत. असायच्या, सायकलच्या कॅरिअरला लावलेल्या. पायात घातल्या तर म्हशीला पाऊल ओळखू येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणे, म्हशीला काय करायचंय तुमच्या पावलाचं? त्यावर ते माझ्याकडे अशा दयेनं बघत की पुढं बोलायची सोय राहत नसे. सकाळी म्हशीचं शेण बघूनच त्यांचा दिवस सुरू होई. पातळ आहे, घट्ट आहे, वास कसा आहे, रंग कसा आहे. त्यावरून वैरण बदलायची की औषध पाजायचं ते ठरे. स्वतःचं पोट म्हणून काही वस्तू असते, याची मात्र त्यांना दादच नव्हती.

मला पहिल्यांदा संशय आला तो त्यांच्या नखांवरून. पेला पुढं आला आणि त्याच्यावरची बोटं पिठात बुडवून काढल्यासारखी पांढरी दिसली. मग लक्षात आलं की हल्ली ते दोन म्हशींच्या मध्ये जरा वेळ टेकून बसतात. हसताना धाप लागते. मी म्हटलं, मामा, उद्या लॅबमध्ये या, रक्त बघू.

“गप बसा की,” ते कुजबुजले. कुजबुजणं हे त्यांच्या बाबतीत इतकं नवलाचं होतं की शेजारच्या गवळ्यानं वळून पाहिलं. “गिऱ्हाइकानं ऐकलं तर? गवळीच पांढरा पडला म्हटल्यावर दुधात काय राम ऱ्हायला?”

म्हणजे त्यांना कळलं होतं. गिऱ्हाइकासाठी लपवत होते. तुम्ही म्हणाल काय हा वेडेपणा. पण ज्याचा सगळा धंदा “आमचं दूध प्या, पैलवान व्हा” एवढ्यावर चालतो, त्याला आपला फिका चेहरा भर कट्ट्यावर घेऊन उभं राहणं किती जड गेलं असेल, याचा विचार करा. शेवटी मी चिडले. उद्या आला नाहीत तर परवापासून मी पिशवीतलं दूध पिणार, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मागच्या दारानं आले.

रक्त फारच कमी होतं. यंत्रानं दिलेला आकडा बघून मी तपासणी पुन्हा लावायला सांगितली; पुन्हा तोच. डॉक्टरांनी रक्त दिलं, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि शोध सुरू झाला. इतकं रक्त जातं कुठं? शौचाला काळं होतं का, असं विचारल्यावर मामा म्हणाले, व्हय, काळंच होतंय की. पण लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळंच होतं. गोळ्यांच्या आधीपासून होतं का? यावर मामांनी खूप विचार केला आणि म्हणाले, “आपलं कोन बगतंय, डाक्टर?”

वरून नळी घालून जठर बघितलं. साफ. खालून नळी घालून मोठं आतडं बघितलं. साफ. मामांना याचा फार आनंद झाला. “दोनी बाजूनं रस्ता मोकळा हाय म्हनत्यात,” असं त्यांनी मला कट्ट्यावर ऐकवलं. मला आनंद झाला नाही. वरची नळी जिथं थांबते आणि खालची जिथं थांबते, त्यांच्या मधे सगळं लहान आतडं गुंडाळून पडलेलं असतं. तिथं सहसा काही होत नाही, म्हणून तिथं सहसा कोणी बघतही नाही. गिळायच्या कॅमेऱ्यानं ते बघायचं ठरत होतं. तेवढ्यात एका संध्याकाळी म्हैस अर्धी पिळून झालेली असताना मामा पोट धरून तिच्या पायाशीच आडवे झाले. म्हशीनं पाय हलवला नाही, हे सगळा कट्टा नंतर कितीतरी दिवस सांगत होता.

सदऱ्याची बाही आतल्या आत ओढली जावी, तसा आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरून बसला होता. असं होतं तेव्हा आत काहीतरी गाठ असते आणि आतडं तिला अन्न समजून पुढं ढकलत राहतं. लगेच ऑपरेशन झालं. सर्जन आमचे जुने मित्र. त्यांनी फोन केला. “तुमच्या गवळ्याचं पाठवतोय,” ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, “काळं आहे.”

बरणी उघडली. आतड्याचा वीतभर तुकडा, आणि त्याच्या आत पिकल्या जांभळासारखी गाठ. कापली तर सुरीला काळपट रंग लागला. माझ्या कामात मी हळवी नाही; हळवं होऊन हे काम होत नाही. पण त्या दिवशी हातमोजे काढून मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. हा माणूस काल परवापर्यंत मला दूध देत होता आणि आज त्याचा एक भाग माझ्या टेबलावर होता. हे काम दुसऱ्या कुणाला तरी द्यावं असं फार वाटलं. दुसरं कोणी नव्हतं.

तो मेलानोमा होता. कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. खात्रीसाठी खास रंग लावायला काप पुण्याला पाठवले, तिथूनही तेच आलं. आता हा कातडीचा आजार आतड्यात कसा, असं तुम्ही विचाराल. आम्हीही तेच विचारत होतो. बहुतेक वेळा तो दुसरीकडून आलेला असतो. कातडीवर कुठंतरी एखादा काळा ठिपका असतो, तिथून निघून रक्तातून आत जाऊन बसतो. फार क्वचित तो आतड्यातच सुरू होतो. क्वचित म्हणजे मी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिला नव्हता. म्हणून अशी गाठ सापडली की डॉक्टर माणसाला नखशिखान्त तपासतात.

मीही वॉर्डात गेले होते. मामा खाटेवर बसले होते आणि मामी उशाशी उभ्या. मामी कुरुंदवाडच्या. कमी बोलणाऱ्या, कामाला वाघ, मामांच्या सगळ्या बढाया खाली मान घालून ऐकणाऱ्या. सर्जननी पाठ बघितली, डोक्यावरचे केस बाजूला करून करून बघितले, नखं बघितली, डोळ्यांत विजेरी मारली. मामांना गुदगुल्या होत होत्या. “म्हस इकत घेतानाबी एवडं बगत न्हाय आमी,” ते म्हणाले, आणि आम्ही सगळे हसलो.

मग पाय. टाचा भेगाळलेल्या, शेणामातीनं कायमच्या रंगलेल्या. उजव्या टाचेवर आतल्या बाजूला एक काळा डाग होता, बोटाच्या पेराएवढा, कडेला वेडावाकडा.

“हे काय?”

“त्यो व्हय? बिब्बा हाय त्यो,” मामा म्हणाले.

इथं तुम्हाला आमच्याकडची एक गोष्ट सांगितली पाहिजे. पायात काटा मोडला आणि निघेना की बिब्बा दाभणाला टोचून विस्तवावर धरायचा आणि त्याचं उकळतं तेल त्या जागी लावायचं. चटका बसतो, आतला ठणका मरतो आणि तिथं काळा डाग पडतो तो जात नाही. पूर्वी परीट कपड्यांवर खुणा करायला हेच तेल वापरत. इकडच्या शेतात राबणाऱ्या निम्म्या माणसांच्या तळपायाला असा डाग सापडेल. आम्ही डॉक्टर मंडळी असे डाग बघत बघतच म्हातारे झालो. बिब्बा म्हटलं की आमची नजर पुढं सरकते. त्या दिवशी सर्जनची सरकली नाही.

“कधी लावला?”

मामी पुढं आल्या. “मीच लावलाता,” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कौतुक होतं. “कोरोनाच्या टायमाला. दवाखानं बंद हुतं. वैरनीला गेलतं आनि लंगडत आलं. काटा घुसलाता. निघतोय कुटं! निसतं काळं टोक दिसत हुतं. मग लावला बिब्बा. दुसऱ्या दिशी म्हस पिळाय लागलं की.”

“टोक दिसत होतं,” सर्जन म्हणाले.

“व्हय. काळं, तिळाएवडं.”

“काटा मग निघाला का?”

“न्हाय. आतच जिरला.”

सर्जननी माझ्याकडे बघितलं आणि मी त्यांच्याकडे. पाय हळूच खाली ठेवत ते म्हणाले, “उद्या इथला एक छोटा तुकडा घेऊ.” मामा म्हणाले, घ्या की. मामींनी पायावर चादर ओढली.

दुसऱ्या दिवशी मामांनी पायाला हात लावू दिला नाही. सर्जननी समजावलं, मुलानं विनवलं, शेवटी सर्जन रागावले. “पोट फाडलासा, काय म्हनलो का? पायाचं नाव काडायचं न्हाय.” एवढंच मामांचं पालुपद. पोटाची जखम भरली तसे घरी गेले.

मग एका दुपारी लॅबमध्ये आले. हातात दुधाची किटली, पायात चपला. मामांना चपला घातलेलं मी प्रथमच पाहिलं. किटली टेबलावर ठेवून म्हणाले, “मला त्ये बगायचंय.”

पेशंटला असं कोणी दाखवत नाही. मी दाखवलं. स्टुलावर बसवलं, काप लावला, डोळा कुठं लावायचा ते सांगितलं. बराच वेळ त्यांना स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या. मग दिसलं. गुलाबी जांभळ्या पेशींची गर्दी आणि त्यांच्यात विखुरलेली तपकिरी काळी पूड. माझ्या मनात आलं, उगीच दाखवलं.

“हे माजंच न्हवं?”

“हो, मामा.”

“लई हायत की.” पुन्हा डोळा लावला. “आनि हे आजून हितं आत हायत?”

“दिसणारं सगळं काढलंय. न दिसणारं असू शकतं.”

ते स्टुलावरून उठले आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले. मग विचारलं, “पायाचं कापून बगितलं, तर औशीद बदलनार हाय का?”

हा प्रश्न त्यांना कुणी शिकवला मला ठाऊक नाही. पण प्रश्न बरोबर होता. आजार पोटापर्यंत पोचल्यावर औषध ठरणार होतं ते पोटातल्या गाठीवरून. पायाच्या तुकड्यानं आम्हाला एवढंच कळलं असतं की हे निघालं कुठून. मी तसं सांगितलं.

“मग कशाला पायजे?”

“आम्हाला कळायला पाहिजे, मामा. पक्कं व्हायला पाहिजे.”

“पक्कं झालं म्हंजी तिला कळनार.” ते चपलेच्या अंगठ्याकडं बघत होते. “तिनं लावलाय त्यो. मला चालाय येत नव्हतं तर रडत रडत लावलाय. आता काटा नव्हता, हेच हुतं, आनि तिनं वरनं बिब्बा लावून झाकलं, असं झालं तर ती खाईल का जेवान? मी जाईन वो. मागं तिनं काय करायचं?”

मी म्हणाले, मामींची यात काय चूक, हजार जणांनी तेच केलं असतं. ते म्हणाले, तुमी आनि मी म्हनून काय उपेग. आणि मग म्हणाले, “इच्चारलंच तिनं, तर आतड्यातच झालं म्हनून सांगा. तसं बी होतंय म्हनं की.”

“मी खोटं सांगत नाही.”

“खोटं कुटं? कापून बगितल्याबिगर तुमास्नी तरी कुटं म्हायती हाय?”

त्यांचा चेहरा पहिल्यांदा जरा खुलला. मला कोंडीत पकडल्याचा आनंद त्यांना नेहमीच व्हायचा. मी हसले आणि त्यांच्यादेखत माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलंही नाही.

औषधं सुरू झाली. गाठीतल्या पेशींची जातकुळी तपासून गोळ्या चालतील का ते बघितलं. त्या चालणार नव्हत्या. मग शिरेतून द्यायची इंजेक्शनं, शरीराचं स्वतःचं बळ जागं करून त्याला या पेशींवर सोडणारी. काही जणांना ती फार छान लागू पडतात, आणि ते मी मामांना दहा वेळा सांगितलं. मलाही ते ऐकायला हवं होतं. घरच्यांनी कुठून कसं जमवलं, मी विचारलं नाही. सुरुवातीला तोंडावर रंग आला. एक दोनदा कट्ट्यावरसुद्धा येऊन बसले. पिळायचं काम मुलगा करायचा आणि मामा शेजारी बसून त्याच्या चुका काढायचे. धार वाकडी पडते, म्हशीशी बोलत नाही, पेला गच्च भरत नाही. मुलगा दात ओठ खात पिळत होता. मला वाटलं, जमतंय.

त्यानंतरच्या तपासणीत यकृतात डाग दिसले. पुढच्या वेळी ते वाढलेले होते. मला कोणी विचारलं की तुम्ही इतकं शिकलात, तेव्हा काय केलंत, तर मी काय सांगू? सर्जन हुशार, औषध नवं, काप उत्तम रंगवलेले, नाव अचूक. सगळं बरोबर होऊनही आम्ही त्या माणसाला हळूहळू खाली जाताना बघत बसलो होतो. आजाराचं नाव कळणं म्हणजे अर्धी लढाई, असं मी विद्यार्थ्यांना शिकवत आले. त्या महिन्यांत वर्गात ते वाक्य तोंडाशी आलं की मी गिळून टाकायची.

घरी भेटायला जायची. दारातच गोठ्याचा वास, आत पलंगावर मामा, चादरीतून आकार कळेनासा झालेले. आणि उजव्या पायात लोकरी मोजा. एकाच पायात. ज्यानं जन्मभर पायात काही घातलं नाही, तो माणूस भर उन्हाळ्यात एक मोजा घालून पडलेला. मी बघते आहे हे बघून म्हणाले, “गार पडतोय त्यो.” मामी रोज त्यांचे पाय तेलानं चोळायच्या. डावा चोळून झाला की मामा उजवा पांघरुणात ओढून घ्यायचे. मामी हात पुसून उठायच्या. मी त्या दोघांकडे आळीपाळीनं बघत बसायची आणि चहा निवून जायचा.

शेवटच्या भेटीत फार बोलले नाहीत. म्हैस व्यायला झालीय, एवढं सांगितलं. कधी, म्हटलं. “हुईल चार दिसांत. मला रेडीच पायजे, रेडा नगो,” म्हणाले आणि डोळे मिटले. रेडकू जन्मायच्या आधीच ते गेले.

दिवस कार्य उरकल्यावर मामी लॅबमध्ये आल्या. एकट्याच. मी कुणाशी तरी फोनवर होते. खुणेनं बसा म्हटलं तर खुर्चीच्या कडेवर टेकल्या. फोन ठेवला आणि कसं बोलायला सुरुवात करावी या विचारात मी होते. मला माहीत होतं त्या काय विचारणार. मी मनाशी वाक्य घोळवून ठेवलं होतं. म्हणून त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, “मामी, हा आजार क्वचित आतड्यातच सुरू होतो. मामांचं तसंच झालं असणार.”

मामींनी शांतपणे ऐकून घेतलं.

“त्यांनी सांगाय सांगितलंतं न्हवं?” त्या म्हणाल्या.

मी टेबलावरचे रिपोर्ट सरळ केले.

“त्या दिशी तुमी दोगांनी एकमेकाकडं बगितलासा, तवाच कळलंतं मला. त्यांस्नी वाटत हुतं मला ठावं न्हाय. म्हटलं, ऱ्हाऊ द्या. तेवडंच समादान त्यांच्या जिवाला.” पदराच्या टोकाशी त्यांची बोटं चाळा करत होती. “बिब्ब्याचा डाग वाडत न्हाय, ताई. आमच्या घरात समद्यांस्नी लावल्यात. ह्यो वाडत हुता. मोज्याला रगात लागलेलं आसायचं, त्यो मीच धुत हुते की रोज.”

बाहेर कोणीतरी रिपोर्ट मागत होतं. मी उठून दार लावलं आणि परत येऊन बसले.

“मला येकच इच्चारायचंय,” मामी म्हणाल्या. “खरं सांगा. त्या टायमाला बिब्बा लावला न्हाय, दवाखान्यात नेलं आसतं, कसंबी करून. तर वाचलं आसतं?”

तिळाएवढा होता तेव्हा. तिळाएवढा असताना तो कापून टाकतात आणि पुष्कळदा माणूस त्यानंतर जन्मभर जगतो. मी हे शिकले आहे, शिकवते. पण तो दवाखाना बंद होता, तो डाग तेव्हा काय होता हे कुणी पाहिलं नव्हतं, आणि आज तो पायही उरला नव्हता.

“सांगता येत नाही, मामी,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मला नजर वळवायला हवी होती, ती मी वळवली नाही.

“म्हंजी वाचलं आसतं,” मामी म्हणाल्या. मग त्या उठल्या, खुर्ची जागच्या जागी सारली आणि येते म्हणून गेल्या.